भाऊजी, आमला सासरी गेली

भाऊजी, बसा जरा. मोठी बातमी आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही. आमला गेली. म्हणजे तशी नाही गेली, दचकू नका, तसे गेलात ते तुम्ही. आमला सासरी गेली! काल, तुमच्या माघारी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ई-रिक्षात बसून गेली. म्हातारी, आंधळी, तुमची सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात जास्त वर्षं घरी बसलेली आमला. कालपासून मला हसू येतंय, मधेच हुंदका येतोय, पण हसू जास्त येतंय.

आधी तुमच्या फोटोचं सांगते. निखिलने, तुमच्या लेकाने, तुमचा फोटो मोठा करून आणला आणि मला विचारलं, "मावशी, खाली काय लिहू? रेल्वेचे सेवानिवृत्त गार्ड, असं लिहू?" मी म्हटलं, लिही, 'महाराजपूरचे वधूपिता'. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण सांगा, खोटं आहे का? निवृत्तीनंतर पेरूची बाग लावायची म्हणून महाराजपूरला घर आणि मागचा प्लॉट घेतलात. पेरू धरायच्या आधीच कोणीतरी फाटकाला एक खरूज झालेली कुत्री बांधून गेलं, मग दुसरी आली, मग जबलपूरभर बोभाटा झाला की ते मराठी गार्डबाबू कुत्री सांभाळतात. लोक हौसेने पिल्लू आणायचे, ते मोठं झालं, आजारी पडलं की तुमच्या फाटकाशी सोडून जायचे. तुम्ही त्यांना नावं ठेवलीत ती नागपूरच्या गाडीच्या स्टेशनांची. दिवसभर गोंगाट करणारी ती इटारसी, उंच टांगांची ती घोडाडोंगरी, मग बैतूल, मग आमला. संध्याकाळी "घोडाडोंगरी, चाल, भात खाय!" म्हणून तुम्ही ओरडायचात तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा अजून ड्यूटीवरच आहे.

आणि त्यांची लग्नं! लोक कुत्रं दत्तक देतात, तुम्ही लेक उजवायचात. आठवड्याच्या मधेच तुमचा फोन यायचा, "शालू, रविवारी ये वं, एक स्थळ येऊन राहिलं." आठवडाभर शाळेत पोरांवर ओरडून घसा बसलेली मी, रविवारी घमापूरहून स्कूटी काढून महाराजपूर गाठायची. पाहुणे ओट्यावर, ताई स्वयंपाकघरात पोहे परततेय आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. ताईची बडबड पार ओट्यापर्यंत यायची.

"लोकाइनं आपल्या पोरी उजवताना एवढे पोहे केले नसतीन, जेवढे मी या कुत्र्याइच्या पायी करून राहिली!"

"आपल्याले पोरगी नाही न," तुम्ही तिथूनच म्हणायचात. "मंग ही हौस कुठं फेडू?"

यावर ताई बशा भरायला घ्यायची. तिने त्या अंगणात कधी एका कुत्र्याला हात लावला नाही, पण पोहे कधी चुकवले नाहीत.

मग तुमचे प्रश्न. घरात कोण कोण असतं? दिवसा कुलूप असतं का? उन्हाळ्यात झोपणार कुठे? आजारी पडली तर डॉक्टरकडे कोण नेईल? एक बंगलेवाले आले होते, त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. तुम्ही त्यांना म्हणालात, "चौकीदार रख लीजिए साहब, ये तो बेटी है." पोहे खाऊ घातलेत आणि वाटेला लावलंत. ज्यांनी उत्तरं बरी दिली, त्यांचं घर पाहायला आपण दोघं जायचो. पहिल्यांदा गच्ची बघायचात, मग पाणी. अशाने तुमच्या सगळ्या लेकी घोडनवऱ्या होतील, असं मी चिडवायची. तुम्ही म्हणायचात, होऊ दे.

का ते मला ठाऊक होतं. अगदी पहिली दिली होतीत ती तुमच्या चुलतभावाला, घर न पाहता. घरचाच माणूस, त्याचं काय घर तपासायचं, म्हणून भिडेपोटी. मे महिन्यात सहज त्यांच्याकडे जेवायला गेलात, तर ती गच्चीवर, तापलेल्या पत्र्याशेजारी, आखूड साखळीला, आणि भांड्यात पाण्याचा थेंब नाही. पायाचे तळवे भाजले होते. तुम्ही जेवला नाहीत. साखळी सोडलीत, तिला खांद्यावर घेतलंत आणि वाढलेल्या ताटांसमोरून जिना उतरलात. चुलतभावाशी बोलणं त्या दिवशी बंद पडलं ते कायमचं. भीड भिकेची बहीण, असं आमची आई म्हणायची. तुम्ही त्यानंतर कोणाचीच भीड ठेवली नाहीत.

आणि ती दिवाळीची अट! लेक दिवाळीला माहेरी पाठवायची, कबूल असेल तर न्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोटभर हसले होते. मग कळलं, की शहरात फटाके सुरू झाले की मुकी जनावरं पलंगाखाली घुसतात, भिंतीवरून उड्या टाकतात, हरवतात, आणि शेपटीला लड बांधणारी कार्टी तर गल्लोगल्ली. महाराजपूरच्या तुमच्या टोकाला त्या मानाने शांतता. धनत्रयोदशीपासून फाटकाशी रिक्षा, स्कूटर, गाड्यांची रांग लागायची. सासरची मंडळी लेकीला सोडून, ताईच्या हातचे अनारसे खाऊन जायची. आणि तुम्ही चष्मा लावून एकेकीचे कान, दात, पंजे, मानेखालची जागा तपासायचात. "सासरी कसं ठेवतात, ते माहेरीच समजते," असं म्हणायचात. एकीच्या कानामागे डागल्याची खूण दिसली. भाऊबीज झाल्यावर तिला न्यायला आलेल्या माणसाला तुम्ही फाटकाबाहेरच उभं केलंत, आणि कुत्री काही परत दिली नाहीत. तो धमक्या देत होता आणि तुम्ही त्याला सांगत होतात, की जनावराला डागणं गुन्हा आहे, चल, मीच तुला ठाण्यात सोडतो. तो चालता झाला आणि मी तुम्हाला सलाम ठोकला होता, आठवतं?

ठाण्यावरून गोहलपूर आठवलं. जाळ्या बनवायच्या त्या कारखान्याच्या मागे आमला बांधलेली होती, दोरीने नाही, तारेने. तार मानेत रुतली होती. एक डोळा कोणाच्या तरी फटक्याने गेलेलाच होता. मालक म्हणाला, "हमारा जानवर है, हम कुछ भी करें."

"जानवर आपका है भैया, दर्द तो उसका है," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. मला मात्र त्याला तिथेच दोन हाणाव्याशा वाटत होत्या.

ठाण्यातला हवालदार हसला. "चाचा, यहाँ आदमियों की रिपोर्ट से फुर्सत नहीं है."

"अच्छा. तो फुर्सत होने तक बैठते हैं," म्हणून तुम्ही बाकावर वर्तमानपत्र पसरून बसलात. माझ्या पिशवीत सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या, त्या मी तिथेच तपासायला घेतल्या. कोठडीतल्या एका चोराने मला मार्क कसे देतात ते विचारलं. ऊन कलायला लागलं तेव्हा हवालदाराने कंटाळून टोपी उचलली आणि आपल्याबरोबर आला. त्याच कारखान्यातली पक्कड घेऊन तुम्ही तार कापलीत, आणि आमला घरी आली. पुढे वयाप्रमाणे दुसरा डोळाही पांढरा पडला. मग ती तुमच्या चपलांच्या आवाजावर चालायची.

आता येते आपल्या भांडणावर. टाळू नका.

तिवारी मॅडमचं स्थळ मी आणलं होतं. माझ्याच शाळेतून निवृत्त झालेल्या, घमापुरात माझ्या शेजारच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या. तळमजल्याचं घर, मागे छोटंसं अंगण, चढायला एक पायरी नाही. आंधळ्या जनावराला याहून चांगलं काय मिळणार? त्या आल्या, उड्या मारणाऱ्या सगळ्याजणींना सोडून थेट आमलाशेजारी जमिनीवर बसल्या. आमलाने त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले. आणि तुम्ही विचारलंत, "मैडम, बुरा मत मानिए, पर आपके बाद कौन?"

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "कोई नहीं है, भाईसाहब," म्हणाल्या, आणि उठल्या.

काय भांडले मी त्या दिवशी! म्हाताऱ्या बाईला असं तोंडावर विचारतात का? ती कुत्री काय आणखी शंभर वर्षं जगणार आहे? तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "शालू, ते काही पाहू शकत नाही. हे घर, हे अंगण, सारं पाठ केलं तिनं. तिथं जाऊन अजून एक घर पाठ करन. अन् मॅडम गेल्या तं? आंधळ्या जिवाले किती घरं पाठ करायले लावशीन?" यावर मी फक्त आणखी मोठ्याने बोलले. तेव्हापासून दर भेटीला आपला तोच विषय. ताई म्हणायची, तुम्हा दोघांना दुसरं काही सुचतच नाही का? शेवटच्या फोनवरही मी तेच काढलं होतं. तुम्ही हसलात, "रविवारी ये, पोहे खाय, मंग भांड." पण मला त्याच्या आधीच यावं लागलं. तुम्ही शुक्रवारीच गेलात.

भाऊजी, तुमच्यावर एक राग आहे तो सांगूनच टाकते. सगळ्या जबलपूरला तुम्ही विचारत फिरलात, 'आपके बाद कौन'. तुम्हाला कोणी विचारलं नाही. अंगणभर लेकी, आणि तुमच्यामागे कोण, याचं उत्तर त्या घरात कुठेच नव्हतं. तुमच्याकडे बघून असं काही सुचायचंच नाही, इतके तुम्ही खणखणीत होतात. सकाळी त्यांना भात घातलात, खुर्चीत टेकलात आणि झालं. आमला संध्याकाळपर्यंत तुमच्या रिकाम्या चपलांपाशी बसून होती.

निखिलला मी दोष देत नाही. चांगला पोरगा आहे, तुमच्यासारखाच सरळ. म्हणाला, "मावशी, आई इथं अकेली कशी राहणार? मी तिला हैदराबादला घेऊन चाललो. भोपाळच्या एका शेल्टरशी बोललोय. सोमवारी त्यांची गाडी येईल, अंगणातल्या सगळ्यांना घेऊन जाईल."

"आमलाला पण?"

"बूढ़ी है, अंधी है. तिला नाही म्हणाले ते. डॉक्टर से बात करता हूँ." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर तिला कसलं इंजेक्शन देणार, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ताई शेजारीच बसली होती. तुम्ही गेल्यापासून ती बोलतच नव्हती, हो नाही की नाही नाही.

मग मी काय केलं, तर फोन घेऊन बसले आणि तुमच्या एकेका व्याह्याला कळवलं. पुण्यानुमोदन आहे, या. लेकीला घेऊन या. बाप गेलाय तिचा.

आणि आले हो, भाऊजी! अख्खं शहर आल्यासारखं वाटलं मला. मंडपात एकीकडे आपले नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत, दुसरीकडे तुमचे व्याही साखळ्या आणि पट्टे सांभाळत. घोडाडोंगरीने भोजनदानाच्या पातेल्यात तोंड घालायचा प्रयत्न केला. बैतूलला तुमच्या फोटोसमोर फुलं वाहताना तिच्या सासऱ्यांनी उचलून धरलं, तर तिने एक झेंडूच खाल्ला. विहारातल्या भन्तेजींनी त्रिशरण पंचशील सुरू केलं, पहिलंच शील, कोणाचा जीव न घेण्याचं, आणि इटारसीने असा काही सूर लावला की सगळ्याजणी तिच्यामागून सुरू झाल्या. भन्तेजी थांबले. हसून म्हणाले, "इनका भी हो जाने दो." लोक डोळे पुसत हसत होते. अशी गर्दी, असा गोंधळ, असा आनंद मी कोणत्याही मयताच्या कार्यक्रमात पाहिला नाही, आणि तुम्ही नेमके गैरहजर.

तिवारी मॅडम शेवटी आल्या. मागे, कडेला बसल्या. आमला वास घेत घेत खुर्च्यांना धडकत त्यांच्यापर्यंत गेली आणि पायाशी पसरली. मी तशीच उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, घेऊन जा तिला. आता नाही म्हणणारं कोणी नाही."

आणि त्या बाईने काय म्हणावं? "शालू जी, भाईसाहब गलत नहीं थे. मैंने घर जाकर बहुत सोचा. मेरे बाद सचमुच कोई नहीं है. मैं कैसे ले जाऊँ?"

माझा संताप संताप झाला. तुम्ही स्वतः गेलात तरी तुमचा नकार त्या बाईच्या घरात मुक्कामाला होता! निखिल सोमवारच्या गाडीचं काहीतरी सांगायला लागला, मी त्याला गप्प करायला तोंड उघडलं, आणि मागून आवाज आला.

"आपके बाद मैं हूँ."

ताई. तुमच्या फोटोशेजारून उठून उभी राहिलेली.

"दीदी, पर आप तो हैदराबाद..." मॅडम म्हणाल्या.

"कोन म्हणते?" ताई निखिलकडे वळली. "त्या गाडीवाल्याले फोन कर. येऊ नको म्हणा. मी कुठंच जाऊन नाही राहिली."

"पण आई, तू तर कधी हात पण नाही लावत त्यांना."

"नव्हती लावत," ताई म्हणाली. "हात लावणारा माणूस होता न घरात."

ताई चालत आली, खाली वाकली आणि आमलाच्या पाठीवर हात ठेवला, एखादं गरम भांडं आहे की काय बघावं तसा, आधी बोटं आणि मग पंजा. आमलाने मान वळवून तिचा हात हुंगला.

मॅडम शिक्षिका खऱ्या, प्रश्न अर्धा सोडतील कशा? "और दीदी, आपके बाद?"

"ही हाय न," ताईने माझ्याकडे बोट केलं. मला कोणी विचारलंही नव्हतं. "बडबड लय करते, पन रोज येईन." बैतूलचे सासरे मागून ओरडले, "और इनके बाद हम हैं जी!" मग आणखी कोणी ओरडलं, मग आणखी कोणी, आणि मी भर मंडपात टाळ्या वाजवल्या. निखिल तिथेच खुर्चीत बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मग उठून त्यानेच फोन लावला.

पाठवणीला ई-रिक्षा बोलावली. आमला मॅडमच्या मांडीवर, आणि त्यांच्या शेजारी ताईसुद्धा चढून बसली. घर पाहिल्याशिवाय पोरगी देत नाही म्हणाली. मी स्कूटीवर मागून. घमापूरच्या बाजारातून आमची वरात चालली होती आणि मी हॉर्न वाजवत होते, उगाचच, खुशीने.

मॅडमच्या घरी ताईने गच्ची पाहिली नाही, पाणी पाहिलं नाही. दारात उभी राहिली आणि तिने डोळे मिटून घेतले. पांढऱ्या साडीतली आमची ताई, एक हात भिंतीला, दुसरा पुढे, मिटल्या डोळ्यांनी त्या अनोळखी घरात चालायला लागली. खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या अंगणात, आणि परत. टीपॉयला गुडघा आपटला तेव्हा म्हणाली, "इसको हटाइए." शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर फडकं बांधायला सांगितलं. अंगणाच्या दाराशी एक फरशी उचकटलेली होती, तिथे ठेचकाळली, तर जागेवरच बसून ती फरशी हाताने चाचपली. डोळे उघडले नाहीत. सगळं घर दोनदा चालून झालं, मग बाहेर आली आणि म्हणाली, "हाव. पाठ होईन तिले."

भाऊजी, वाद मी जिंकले. आमला गेली, तिला घर मिळालं, तुम्ही चुकलात, मी बरोबर निघाले, आणि मला नाचावंसं वाटतंय. पण तुम्ही असतात आणि मी हरले असते, तर मला जास्त आवडलं असतं.